काळ्या कोपऱ्यातलं तण

बागकाम मी आवडीनं सुरू केलं नाही, चिडून सुरू केलं. आमच्या शहरात नळाला पाणी येण्याचा वार असतो आणि तो वारही धड पाळला जात नाही. पाणी आलं की घरातली पिंपं, बादल्या, पातेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचं. अशा शहरात पाणी शुद्ध करायचं यंत्र घरात तांब्याभर पाणी देतं आणि त्याच्या दुप्पट मोरीत सोडून देतं, हे मला कधीच पटलं नव्हतं. बायको होती तोवर ते सोडलेलं पाणी ती भांड्यांना, फरशीला वापरायची, त्यामुळं मला कुरकुरायला जागा नव्हती. ती गेल्यावर भांडी पडणार किती? एक ताट, एक वाटी, एक कढई. यंत्राखालची बादली भरायची आणि तशीच उभी राहायची. शेवटी एका सकाळी वैतागून मी ती उचलली आणि पुढच्या अंगणात नेऊन ओतली.

अंगण म्हणजे फार मोठं काही नाही. उस्मानपुऱ्यात आमचं जुनं बैठं घर आहे, त्याच्यापुढं फाटकापर्यंत एक मोटार उभी राहील एवढी जागा. मोटार कधी घेणं झालं नाही म्हणून जागा शिल्लक राहिली. रोज एक बादली तिथं पडायला लागली, आणि बघता बघता भिंतीकडचा कोपरा हिरवा दिसायला लागला. मग मात्र माझा मूळ स्वभाव जागा झाला. मी खुरपं आणलं, झारी आणली, कोपऱ्याशेजारी विटा लावून वाफा आखला, दुकानातून मेथी-कोथिंबिरीच्या बियांच्या पुड्या आणून विधीपूर्वक पेरल्या. मेथी आली नाही. कोथिंबिरीनं तोंड दाखवलं आणि मान टाकली. ज्यांना मी बोलावलं नव्हतं, ती मंडळी मात्र कोपऱ्यात दाटीवाटीनं उगवत राहिली, आणि त्यांतलं एकही मला ओळखू येत नव्हतं.

मी जन्मापासून शहरातला. नोकरीही सगळी वाळूजच्या एका कारखान्यात, माल तपासण्यात गेली. आमच्या खात्याची एक पद्धत होती. एखादा नग चांगला की बाद, हे पटकन ठरत नसेल तर त्याला पिवळी चिठ्ठी बांधायची, वर 'होल्ड' लिहायचं, आणि निर्णय होईपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. बायको ही पद्धत ऐकून होती. पाहुण्यांसमोर म्हणायची, "मलाही ह्यांनी पहिली दोन-चार वर्षं होल्डवरच ठेवलं होतं." तिच्या विणकामाच्या पिशवीत पिवळ्या लोकरीचा गुंडा सापडला. मी त्याचे तुकडे करून प्रत्येक अनोळखी रोपाच्या बुडाशी सैलसर बांधले. नाव कळल्याशिवाय उपटायचं नाही असं ठरवून टाकलं.

पुण्याहून मुलीचा रोज संध्याकाळी फोन येतो. तिनं व्हिडिओ कॉलवर ते दोरे पाहिले आणि मी वेळेवर जेवतो ना, ते विचारलं. त्यातली तिची काळजी मला कळते. दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर सांगत सांगत माझ्याकडून मोबाइलमध्ये झाडं ओळखायचं अॅप टाकून घेतलं. फोटो काढला की ते एक लांबलचक नाव सांगायचं. त्याच झाडाचा दुसऱ्या बाजूनं काढला की दुसरंच सांगायचं. कारखान्यात असा तपासनीस असता तर मी त्याला पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं. मुलगी म्हणाली, "बाबा, काढून टाका ना सगळं. डास होतील." मी बघतो म्हणालो.

आता खरं सांगायचं तर मला नावांशी फारसं कर्तव्य नव्हतं. मला विचारायला माणूस हवं होतं. आणि तेही कुणीही चालणार नव्हतं, तिच्याकडचं हवं होतं.

तिच्याकडचं म्हणजे एकच उरला आहे, तिचा धाकटा भाऊ. लासूर स्टेशनच्या पुढं त्यांचं गाव, तिथं तो शेती करतो. माझ्या लग्नात तो माझ्या लपवलेल्या बुटांवर पहारा करायला बसला आणि तिथंच झोपून गेला होता, इतका लहान. पुढं त्याच्या मिशा पिकल्या तरी मला तो मोठा वाटला नाही. त्याचं आमच्याकडं येणं वर्षभर ठरलेलं असे. राखीला यायचा. नवरात्राआधी यायचा, दसऱ्याला यायचा. भाऊबीजेला यायचा, आणि मग बहिणीला चार दिवस माहेरी घेऊन जायचा. नवी ज्वारी निघाली की पोतं घेऊन यायचा. आला की घरात आवाज वाढायचा, स्वयंपाकघरातून हसू यायचं, आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत, आपल्याला ह्या गोंगाटाचा त्रास होतोय असा चेहरा करून बसायचो. ती गेल्यावर तेराव्याला आला. वर्षश्राद्धाला बायकोला घेऊन आला, जेवला, माझ्या पाया पडला आणि गेला. त्यानंतर आला नाही. भांडण नाही, रुसवा नाही. त्याचं एकूण एक येणं बहिणीच्या नावावर होतं, आता तो कोणत्या नावानं येणार? आणि मी तरी त्याला काय म्हणून बोलावणार? ये, मला करमत नाही, असं मेहुण्याला सांगायची आमच्या पिढीत सोय नाही.

म्हणून एक दिवस मी त्याला रोपाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, हे काय आहे?

त्याला लिहिण्याचा कंटाळा. तो बोलून पाठवतो. संध्याकाळी त्याचा आवाज आला. मागं विहिरीवरची मोटार चालू होती, शेळी ओरडत होती. "दाजी, ह्यो कुंजर हाय की. आमच्या रानात लई यायचा, आता लोकं तणनाशक मारतेत म्हणून कमी झालाय. भाजी करून बघा, झकास लागती. मुगाची डाळ टाका अन् लसूण टाका, असं तुमची मेव्हणी म्हनतीय." मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "जास्त शिजवू नका म्हणावं." मी ते तीनदा ऐकलं. नाव पहिल्या वेळेलाच कळलं होतं.

भाजी केली. एका माणसाची भाजी किती करायची हे मला अजून जमत नाही, त्यामुळं दोन वेळा तीच खाल्ली. चांगली झाली होती. हे कुणाला तरी सांगावं म्हणून इकडंतिकडं बघितलं, आणि मग कढई घासायला घेतली.

दुसऱ्या फोटोला उत्तर आलं, केना. बारीक निळं फूल, पेरापेरानं पसरणारा. "दाजी, ह्याचा एक तुकडा जरी ऱ्हायला तरी परत फुटतो. उपटून टाका." जाड मांसल पानांची जमिनीला चिकटून वाढणारी, तिला तो चिगळ म्हणाला. मंडईत घोळ म्हणून जुडी मिळते तीच ही, एवढं माझं मला कळायला हवं होतं. एका वेलाला मी काकडी समजून भिंतीवर सुतळीनं चढवलं होतं. त्यावर तो इतका हसला की निरोप अर्धा हसण्यातच संपला. "काकडी कुठली आलीय, शेंदाड हाय त्ये. पिकून आपसूक देठाला सुटल्याबिगर तोंडात घालू नका, कडूजहर लागंल." प्रत्येक निरोपाच्या शेवटी तो उपटून टाका म्हणायचा आणि मी बघतो म्हणायचो. पण एकदा त्यानं विचारलं, "दाजी, ही सगळी आमच्या रानातली तणं हायेत. तिथं शहरात कशी आली वो?"

हा प्रश्न माझ्या धंद्यातला होता. दोष कुठून आला ते शोधायचं, हेच तर मी जन्मभर केलं. सकाळी खुरपं घेऊन बसलो. ही सगळी रोपं फक्त कोपऱ्यातच का? अंगण उकरलं तर सगळीकडं मुरूम, लालसर, खडा लागणारा. कोपऱ्यात मात्र खुरपं अलगद आत गेलं. खाली काळी माती होती. ओली, चिकट, मुठीत धरली तर बोटांचे ठसे उमटावेत अशी.

तेव्हा आठवलं. नवरात्रात आमच्याकडं घट बसायचे. घटाला माती लागते, ती औरंगपुऱ्यात बायका टोपल्या भरून विकायला बसतात. पण बायकोला ती चालायची नाही. "विकतच्या मातीत देवी बसवू का?" म्हणायची. म्हणून भाऊ दर वर्षी स्वतःच्या रानातली माती खताच्या रिकाम्या पिशवीत भरून गाडीनं घेऊन यायचा. तिच्यात धान्य पेरायचं, नऊ दिवस पाणी घालायचं. दसऱ्याला उगवलेले कोंब ती भावाच्या टोपीत खोवायची, माझ्या कानावर ठेवायची. मग उरलेली माती वाहत्या पाण्यात सोडायची असते. इथं वाहतं पाणी म्हणजे खाम नदी. तिचं पाणी बघून ती पहिल्याच वर्षी मागं फिरली होती. तेव्हापासून ती माती अंगणाच्या त्या कोपऱ्यात ओतत आली. आमच्या संसारातली सगळी नवरात्रं तिथं पडून होती, आणि मातीबरोबर आलेलं तिच्या माहेरच्या रानाचं बी. रोजचं पाणी मिळायची वाट बघत होतं.

मी खुरपं हातात धरून तिथंच बसलो आणि रडलो. ती गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो. तेव्हा माणसं होती, डॉक्टरांशी बोलायचं होतं, मुलीला सावरायचं होतं. त्या सकाळी काहीच करायचं नव्हतं. फाटक उघडं होतं, रस्त्यावरून लोक जात होते, मला त्याची लाज वाटली नाही.

मेहुण्याला मी हे कळवलं नाही. कळवायला हवं होतं हे कळत होतं. पण फोनवर सांगितलं असतं तर तो रडला असता किंवा मी, आणि मग दोघांनाही पुढं काय बोलायचं ते सुचलं नसतं. "कशी आली कुणास ठाऊक," एवढंच म्हणालो. लोकरीचे दोरे मात्र सोडले नाहीत. नावं कळली होती, नियमानं सोडायला हवे होते. मला ती रोपं कुणी हात न लावता तशीच राहायला हवी होती.

आणि मग रोपं संपली. म्हणजे अंगणात होती, पण नाव विचारण्यासारखं नवीन काही उरलं नाही. ही अडचण मी धरलीच नव्हती. दर दोन-तीन दिवसांनी येणारा तो आवाज, ती मोटार, ती शेळी, मागून मेव्हणीची सूचना, ह्यावर माझे दिवस चालले होते, आणि आता पाठवायला काही नाही. कोपरा रोज न्याहाळायचो. एखादं नवीन पान दिसलं की हरखायचो, जवळ जाऊन बघितलं की जुन्याचंच पिल्लू निघायचं. तेच कुंजराचं झाड दुसऱ्या बाजूनं काढून पाठवलं, तर तो म्हणाला, "दाजी, त्योच हाय, आता तुरा आलाय." गणपतीच्या आधी मी कडेला उगवलेल्या आघाड्याचा फोटो पाठवला. हे काय आहे?

उत्तर बऱ्याच वेळानं आलं. मोटारीचा आवाज नव्हता, तो कुठंतरी लांब, एकटा उभा राहून बोलत असावा. "दाजी, आघाडा तुम्हाला ठाव नाय व्हय? आक्काला दर गणपतीत तुम्हीच तर आणून देत व्हता." पुढं जरा वेळ नुसताच वारा. मग निरोप संपला.

चोरी पकडली गेल्यासारखं झालं. ह्या वयात, मेहुण्याच्या हातून. मी फोटो पाठवणं बंद केलं. त्याचाही आवाज आला नाही. गणपती आले, बसले, उठले. घरात आरती झाली नाही, शेजारची ऐकली. मुलगी येणार होती, तिला सुटी मिळाली नाही. माझ्याच हावरटपणामुळं एक चालतं बोलणं बंद पडलं, असं मी स्वतःला सुनावत राहिलो. बादली मात्र रोज नेऊन ओतायचो.

गणपती उठल्यानंतर एका सकाळी फाटक वाजलं आणि मेहुणा दारात उभा. हातात पिशवी, डोक्यावर टोपी. "मोटारीचं वायंडिंग जळलंय, दाजी. शहरात करायला टाकलंय. दुपारपस्तोर वेळ हाय, म्हनलं तुमच्याकडं टेकावं." मी बस म्हणालो. तो आत येऊन तिच्या फोटोपुढं उभा राहिला, हात जोडले, आणि मग बाहेर पायरीवर येऊन बसला.  पावसाचं बोललो, कपाशीचं बोललो, मुलीचं बोललो. मग चहा ठेवायला उठलो तेव्हा ध्यानात आलं की घरात दूध नाही. मी कोराच पितो. "बस, आलोच," म्हणून मी दुधाला गेलो. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध संपलेलं, म्हणून पुढच्या चौकात जावं लागलं. दूध घेतलं, त्याला आवडतात म्हणून खारी घेतली, परत आलो. येताना पाय भराभर पडत होते, तो निघून तर जाणार नाही ना असं वाटत होतं.

तो गेला नव्हता. कोपऱ्यात उकिडवा बसून खुरपं चालवत होता, आणि कोपरा मोकळा झाला होता. कुंजर, केना, चिगळ, भिंतीवरचा शेंदाडाचा वेल, सगळं उपटून त्यानं एक पेंढी बांधून ठेवली होती. जमीन अशी साफ दिसत होती जशी पेरणीआधी दिसते. शेतकऱ्याचा हात तणाशेजारी रिकामा बसू शकत नाही, हे मला कोण सांगणार?

"झालं बघा, दाजी," तो म्हणाला. घाम पुसत होता, चेहरा खुललेला. "किती दिस सांगतोय उपटा उपटा. मग म्हनलं तुमच्यानं वाकवत नसंल गुडघ्यापायी, म्हणून ऱ्हायलं असंल. पेंढी गाईला टाकतो जाताजाता." पायरीवर पिवळ्या लोकरीच्या तुकड्यांचा ढीग होता. ते त्यानं एकेक करून सोडून बाजूला काढले होते. "हे गाईच्या पोटात गेलं असतं. कशाला बांधलं व्हतं हे? नजर लागू नाय म्हणून व्हय?"

 तिच्यामागं उरलेलं जे काही जिवंत होतं ते त्या पेंढीत बांधलेलं होतं, आणि बांधणारा तिचाच भाऊ होता. राग आला. अरे, हे तुझ्या बहिणीनं लावलंय, असं अगदी ओठांवर आलं. पण त्याच्या नखांत ती काळी माती गेली होती आणि तो माझ्याकडं, काहीतरी उपयोगी पडलो अशा समाधानानं बघत होता. मी म्हणालो, "हात धू. चहा टाकतो."

चहा पिताना तो मोकळ्या कोपऱ्याकडं बघत होता. खारी बुडवून म्हणाला, "एका निंदणीनं भागत नसतं, दाजी. बी पडल्यालं असतं खाली, मुळ्या ऱ्हात्यात. पाणी लागलं की परत येतंय. त्ये परत मोठं झालं की फोटो टाका. मी येऊन काढून देतो." खारीचा चुरा झटकत म्हणाला, "तुमी नका वाकू."

मी विचारलं, "वायंडिंगवाले लासूरला नाहीत का रे?"

तो कपात बघत म्हणाला, "हायेत की."

 दुपारी तो गेला. पेंढी खांद्यावर टाकून गल्लीच्या टोकापर्यंत जाताना दिसला, तिथं गाय उभी होती, तिच्यापुढं ती सोडली, आणि वळून न बघता रिक्षात बसला. मी फाटक लावलं. घर पुन्हा होतं तसं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं होतं, पाऊस येईल असं दिसत होतं. तरी मी यंत्राखालची बादली उचलून बाहेर नेली आणि त्या मोकळ्या कोपऱ्यात सगळीकडं सारखं पाणी घातलं, तण लवकर यावं म्हणून.